रिलॅक्सरमधला ध्वनी आणि तापमान: पहिल्यांदा मोजायला बसणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी रिलॅक्सर फेरोइलेक्ट्रिक (फेरोइलेक्ट्रिक म्हणजे आपोआप विद्युत ध्रुवीकरण होणारा स्फटिक; रिलॅक्सरमध्ये ते एका ठराविक तापमानाला झटक्यात न होता पसरट पट्ट्यात होतं) हातात आलं, की पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: याचं ट्रान्झिशन टेम्परेचर किती? बेरियम टायटनेट या साध्या फेरोइलेक्ट्रिकबद्दल विचारलंत तर सरळ उत्तर मिळतं, सुमारे १२० अंश सेल्सियस. तिथे स्फटिकाची रचना बदलते, ध्वनिवेग झटक्यात बदलतो, आणि आलेखावर बोट ठेवून जागा दाखवता येते. लेड मॅग्नेशियम नायोबेट या रिलॅक्सरबद्दल, म्हणजे लॅबच्या भाषेत पीएमएनबद्दल, तोच प्रश्न विचारला आणि कुणी एकच आकडा सांगितला, तर तो माणूस घाईत आहे असं समजा. बाहेरून विद्युतक्षेत्र न लावता पीएमएन ५ केल्विनपर्यंत थंड केलं तरी क्ष-किरणांना ते सरासरीने क्यूबिकच (घनाकृती रचनेचंच) दिसतं. म्हणजे नेहमीच्या अर्थाने तिथे ट्रान्झिशन होतच नाही. आणि तरीही त्यातून जाणाऱ्या ध्वनीचा वेग ३५० अंश सेल्सियसच्या आसपासपासूनच अपेक्षेपेक्षा कमी भरायला लागतो.

बेरियम टायटनेटचा आलेख विहिरीसारखा असतो, रिलॅक्सरचा बशीसारखा. बशीचा तळ नेमका कुठे, यावर वाद घालण्यापेक्षा तिची कड कुठून सुरू होते, उतार किती आहे आणि वारंवारता बदलली की ती किती सरकते, हे पाहणं जास्त उपयोगाचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरण मुख्यतः पीएमएनचं घेतलं आहे, कारण रिलॅक्सरमध्ये सर्वात जास्त अभ्यास त्याचाच झाला आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लेनिनग्राडमध्ये स्मोलेन्स्की आणि अग्रानोव्स्काया यांनी ते पुढे आणलं, तेव्हापासून ते संशोधकांच्या हातातून सुटलेलं नाही.

आधी चार तापमानं ओळखून घ्या

पीएमएन पेरोव्स्काइट कुळातलं आहे. त्यात दोन धन प्रभारांचा मॅग्नेशियम आणि पाच धन प्रभारांचा नायोबियम एकाच प्रकारच्या जागांवर १:२ या प्रमाणात बसतात, पण पूर्ण स्फटिकभर एकच शिस्तशीर क्रम पाळत नाहीत. या गोंधळामुळे आतलं विद्युतक्षेत्र जागोजागी वेगळं असतं. सगळ्या स्फटिकाचं ध्रुवीकरण एका दिशेला वळण्याऐवजी काही नॅनोमीटर आकाराची ध्रुवीय क्षेत्रं तयार होतात, प्रत्येकाची दिशा वेगळी.

स्फटिक तापवून वरून खाली आणत गेलात तर चार टप्पे लागतात. पहिला बर्न्स तापमानाचा, पीएमएनसाठी सुमारे ६२० केल्विन. १९८३ साली बर्न्स आणि डाकोल यांनी अपवर्तनांक मोजताना पाहिलं की याच्या खाली तो सरळ रेषा सोडतो, म्हणजे स्थानिक ध्रुवीकरण जन्माला आलेलं असतं. दुसरा टप्पा ५०० केल्विनच्या आसपास. इथे ही क्षेत्रं जास्त टिकायला लागतात आणि आजूबाजूच्या जालकाला (अणूंच्या मांडणीला) स्थानिक ताण द्यायला लागतात; लेडयुक्त रिलॅक्सरमध्ये या तापमानाला अकौस्टिक एमिशनचे टिकटिक सिग्नल पकडले गेले आहेत. तिसरा टप्पा म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचं प्रसिद्ध रुंद शिखर. १ किलोहर्ट्झला ते २६५ केल्विनच्या आसपास येतं, उंची दहा हजारांच्या वर, आणि वारंवारता वाढवली की ते वरच्या तापमानाकडे सरकतं. चौथा, २२० केल्विनच्या जवळपास, क्षेत्रांची हालचाल गोठण्याचा.

या चारांपैकी एकाही ठिकाणी पीएमएनची सरासरी रचना बदलत नाही. ध्रुवीय क्षेत्रांच्या मधली जागा खरोखर ध्रुवीकरणाविना असते का, यावर संशोधकांमध्ये आजही खडाजंगी चालते. पहिलं मापन करायला त्या वादात उतरायची गरज नाही.

ध्वनीला याची खबर कशी लागते

साधा, कुठलीही भानगड नसलेला स्फटिक थंड केला की तो थोडा ताठर होतो. ध्वनिवेग सावकाश वाढतो आणि अगदी कमी तापमानाला सपाट होतो. ही झाली पार्श्वभूमी.

रिलॅक्सरमध्ये यात भर पडते ती ध्रुवीय क्षेत्रांची. ध्वनिलहर म्हणजे आळीपाळीने दाब आणि ताण. क्यूबिक अवस्थेत विकृतीची, म्हणजे आकारातल्या बदलाची, जोडणी ध्रुवीकरणाच्या वर्गाशी (स्क्वेअरशी) असते. यालाच इलेक्ट्रोस्ट्रिक्शन म्हणतात. लहरीचा दाब आला की क्षेत्रं आपली दिशा किंवा लांबी-रुंदी त्या दाबाला सोयीची करून घ्यायला बघतात. ती जितकी सहज वळतात तितका पदार्थ मऊ भासतो, वेग घटतो. वळायला त्यांना वेळ लागतो, आणि तो वेळ लहरीच्या आवर्तनाशी जुळला की ऊर्जा खर्ची पडते. त्यालाच आपण क्षीणन म्हणून मोजतो.

या वेळेचं गणित एकदा हाताने करून पाहा. सर्वाधिक क्षीणन तेव्हा, जेव्हा कोनीय वारंवारता आणि क्षेत्रांचा प्रतिसादकाल यांचा गुणाकार १ होतो. १ मेगाहर्ट्झच्या लहरीसाठी तो काल येतो सुमारे ०.१६ मायक्रोसेकंद. ४० गिगाहर्ट्झसाठी येतो सुमारे ४ पिकोसेकंद. क्षेत्रं थंडीबरोबर मंदावत जातात, त्यामुळे ४० गिगाहर्ट्झची अट वरच्या तापमानाला पुरी होते आणि १ मेगाहर्ट्झची खालच्या. शिवाय संथ लहरीला क्षेत्रं पूर्ण साथ देतात, वेगवान लहरीला देऊ शकत नाहीत. म्हणून एकाच स्फटिकात मेगाहर्ट्झची बशी खोल निघते आणि गिगाहर्ट्झची उथळ. दोन शोधनिबंधांतले आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं धरण्याआधी दोन्हींची वारंवारता बघा.

पायरी पहिली: कोणत्या पद्धतीने मोजायचं ते ठरवा

नवख्याच्या हाती लागण्यासारख्या पद्धती तीन.

पल्स-इको ही सर्वात ओळखीची. ट्रान्सड्यूसरमधून (विद्युत संकेताचा ध्वनी आणि ध्वनीचा संकेत करणाऱ्या तुकड्यातून) काही मेगाहर्ट्झचा पल्स सोडायचा, मागच्या पृष्ठभागावरून परतलेले प्रतिध्वनी ऑसिलोस्कोपवर पाहायचे, दोन प्रतिध्वनींमधला वेळ मोजायचा. वेग आणि क्षीणन दोन्ही मिळतात. अडचण असते ती ट्रान्सड्यूसर आणि सॅम्पल यांच्यामधल्या चिकटथराची. त्याबद्दल पुढे.

रेझोनंट अल्ट्रासाउंड स्पेक्ट्रोस्कोपीत काही मिलिमीटरचा चौकोनी ठोकळा दोन ट्रान्सड्यूसरच्या मध्ये कोपऱ्यांवर अलगद धरतात आणि साधारण १०० किलोहर्ट्झ ते २ मेगाहर्ट्झमधली त्याची सगळी नैसर्गिक कंपनं नोंदवतात. कंपनाच्या वारंवारतेचा वर्ग स्थितिस्थापक स्थिरांकाच्या (पदार्थाच्या ताठरपणाच्या मापाच्या) प्रमाणात असतो, आणि शिखराची रुंदी भागिले वारंवारता म्हणजे क्षय. ६०० किलोहर्ट्झचं शिखर ३ किलोहर्ट्झ रुंद असेल तर क्षय ०.००५. चिकटवायची भानगड नाही, म्हणून तापमान बदलण्याच्या प्रयोगाला मला ही पद्धत सर्वात आवडते. फक्त क्षय खूप वाढला की शिखरं पसरून एकमेकांत मिसळतात, आणि रिलॅक्सरमध्ये हे नेमकं गंमतीच्या पट्ट्यातच होतं.

तिसरी ब्रिल्वँ स्कॅटरिंग, म्हणजे स्फटिकातल्या ध्वनिलहरींवरून विखुरलेल्या प्रकाशाची वारंवारता किती बदलली ते मोजणं. लेसर आणि फॅब्री-पेरो इंटरफेरोमीटर लागतो, म्हणजे बहुतेकांना दुसऱ्या संस्थेत वेळ मागावा लागतो. हिरवा ५३२ नॅनोमीटरचा लेसर, अपवर्तनांक साधारण २.५ आणि वेग ४३०० मीटर प्रतिसेकंद धरला तर मागे परतणाऱ्या प्रकाशाच्या वारंवारतेतला बदल ४० गिगाहर्ट्झच्या आसपास येतो. हिचा मोठा फायदा असा की ध्वनीच्या शिखरांसोबत मधोमध एक रुंद शिखर उगवताना दिसतं. ते थेट ध्रुवीय क्षेत्रांच्या हालचालीचं असतं आणि थंड करत जाल तसं अरुंद होतं.

सुरुवात पल्स-इकोने करा. एका पद्धतीवर हात बसल्याशिवाय दुसरीकडे वळू नका.

पायरी दुसरी: सॅम्पल

एकस्फटिक मिळाला तर उत्तम, नाहीतर सिरॅमिक. सिरॅमिक स्वतः बनवत असाल तर ऑक्साइड एकदम मिसळून भाजू नका. तसं केलं की पायरोक्लोर नावाची नको असलेली अवस्था हमखास तयार होते आणि तिच्यामुळे सगळे गुणधर्म फिके पडतात. १९८२ साली स्वार्ट्झ आणि श्राउट यांनी दाखवलेला मार्ग आजही चालतो: आधी मॅग्नेशियम आणि नायोबियमचं कोलंबाइट बनवायचं, मग त्यात लेड ऑक्साइड मिसळायचं. क्ष-किरण आलेखात पायरोक्लोर दिसत नाही याची खात्री झाल्यावरच ध्वनीकडे वळा.

सिरॅमिकमध्ये कण आणि छिद्रं लहर विखुरतात. लहरीची लांबी कणांपेक्षा बरीच मोठी असते तोवर हे विखुरणं वारंवारतेच्या चौथ्या घाताने वाढतं, म्हणून सिरॅमिकला १० मेगाहर्ट्झच्या वर नेण्यात शहाणपण नाही. १० मेगाहर्ट्झला ४५०० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या लहरीची लांबी ०.४५ मिलिमीटर येते. समोरासमोरची पृष्ठं काही मायक्रोमीटरच्या आत समांतर हवीत, नाहीतर प्रतिध्वनी एकमेकांना मारतात आणि ते तुम्हाला क्षीणन वाटतं.

कापल्या-घासल्याचा ताण पृष्ठभागात राहतो. काही तास ४०० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवून हळू थंड केलं की तो बराचसा जातो. पॉलिशिंग ओलंच करा, हातमोजे घाला, आणि चिखल बेसिनमध्ये सोडू नका. त्यात लेड असतं. तो वेगळ्या बाटलीत जमा करून रासायनिक कचऱ्यात द्यायचा.

पायरी तिसरी: सॅम्पलची आठवण पुसा

रिलॅक्सर आपला भूतकाळ विसरत नाही. काल कुणी त्यावर विद्युतक्षेत्र लावून मापन केलं असेल तर आज तुमचा आलेख वेगळा येईल. पीएमएनला स्फटिकाच्या कर्णाच्या दिशेने प्रतिसेंटिमीटर सुमारे १.७ किलोव्होल्टपेक्षा जास्त क्षेत्र लावून थंड केलं तर ते सरळ फेरोइलेक्ट्रिक होतं. क्षेत्र काढून घेतलं तरी कमी तापमानाला ते तसंच राहतं, आणि तापवताना २१० केल्विनच्या आसपास पुन्हा मूळ स्थितीला येतं.

म्हणून प्रत्येक फेरीआधी दोन्ही इलेक्ट्रोड तारेने जोडून सॅम्पल तापवा. शुद्ध पीएमएनला १५० अंश सेल्सियस पुरेसे होतात. त्यात लेड टायटनेट मिसळलेलं असेल, म्हणजे पीएमएन-पीटी असेल, तर २०० अंशांपर्यंत जा. अर्धा तास थांबा, मग थंड करायला लागा. वहीत प्रत्येक फेरीपुढे लिहा: क्षेत्राविना थंड, क्षेत्राखाली थंड, की क्षेत्राखाली थंड करून क्षेत्राविना तापवलेलं. वर्षभराने फाइल उघडाल तेव्हा ही एक ओळ नसेल तर सगळा डेटा फुकट.

पायरी चौथी: चिकटथर आणि त्याचा साक्षीदार

ट्रान्सड्यूसर आणि सॅम्पलमध्ये हवा राहिली तर ध्वनी पुढे जाणारच नाही. खोलीच्या तापमानाला सिलिकॉन ग्रीस चालतं. तेच खूप थंड केलं की काचेसारखं कडक होतं, आकुंचन पावतं आणि कधी कधी तडकतं. जरा वर गेलात की पातळ होऊन निसटतं. अनुप्रस्थ लहरींसाठी, म्हणजे शिअरसाठी, पातळ द्रव अजिबात चालत नाही. घट्ट चिकट किंवा सेट होणारा पदार्थच लागतो. इपॉक्सी १०० अंश सेल्सियसपर्यंत ठीक, त्यापुढे उच्च तापमानाचं सिमेंट किंवा दाबून धरलेलं सोन्याचं पान.

ट्रान्सड्यूसर लिथियम नायोबेटचा घ्या. त्याचं क्यूरी तापमान (ज्याच्या वर फेरोइलेक्ट्रिकपणा जातो ते) १,१०० अंश सेल्सियसच्या वर आहे, त्यामुळे तुमच्या पट्ट्यात तो स्वतः गडबड करत नाही. अनुदैर्घ्य लहरींसाठी ३६ अंशांचा वाय-कट, शिअरसाठी ४१ अंशांचा एक्स-कट. लेड झिर्कोनेट टायटनेटचा ट्रान्सड्यूसर स्वस्त आणि जोरकस असतो, पण त्याचं क्यूरी तापमान बरंच खाली असतं. फेरोइलेक्ट्रिकने फेरोइलेक्ट्रिकचा तापमानबदल मोजणं म्हणजे कोण कुणाचं बोलतंय हे कळेनासं होणं.

आणि साक्षीदार विसरू नका. तोच ट्रान्सड्यूसर, तोच चिकटथर, तीच फेरी, फक्त सॅम्पलच्या जागी फ्यूज्ड सिलिकाची चकती. तिच्यात कुठलंही ट्रान्झिशन नाही. तिच्या आलेखावर खड्डा दिसला तर तो चिकटथराचा, आणि तसाच खड्डा तुमच्या रिलॅक्सरच्या आलेखातही लपलेला असणार. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो: फ्यूज्ड सिलिकात तापमान वाढवलं की ध्वनिवेग वाढतो, नेहमीच्या उलट. मोजणी बिघडलेली नाही, सिलिकाचा स्वभावच तसा आहे.

पायरी पाचवी: पाणी

हा भाग मुंबई-पुण्यात किंवा कोकणात काम करणाऱ्यांनी दोनदा वाचावा. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंश सेल्सियसच्या आसपास असतो. म्हणजे सॅम्पल नुसतं २० अंशांवर आणलं तरी त्यावर दव धरतं. आणखी खाली नेलं की ते २७३ केल्विनला गोठतं. आता आठवा, पीएमएनचं डायइलेक्ट्रिक शिखर कुठे आहे: २६५ केल्विनला. बर्फाचा खोटा खड्डा आणि रिलॅक्सरची खरी बशी यांत फक्त आठ केल्विनचं अंतर. पृष्ठभागावरच्या बर्फाने रेझोनन्सची शिखरं सरकतात, रुंद होतात, इलेक्ट्रोडमधून गळती वाढते, आणि विद्यार्थी खूश होऊन सरांना दाखवायला जातो.

उपाय सोपा आहे. सॅम्पल कक्षात आधी निर्वात करा, मग कोरडा नायट्रोजन किंवा हेलियम थोड्या दाबाने भरा. पूर्ण निर्वातात काम करायचं असेल तर सॅम्पलपर्यंत उष्णता नीट पोचत नाही, हे ध्यानात ठेवा. कक्ष उघडून बंद केला की आधी ६० अंशांना तासभर कोरडं करा, मगच थंड करा. पावसाळ्यात ही सवय नसेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबलेलं बरं.

पायरी सहावी: तापमान चालवणं

थर्मोकपल फर्नेसच्या भिंतीला नको, सॅम्पललाच लागून हवा. पीएमएनची उष्णतावाहकता काचेसारखी कमी आहे. जाड तुकड्याचा गाभा पृष्ठभागाच्या मागे रेंगाळतो. मिनिटाला अर्धा ते एक केल्विन हा वेग ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे दर दोन-तीन केल्विनला थांबून तापमान स्थिर झाल्यावर वाचन घ्यायचं.

थंड करताना आणि तापवताना, दोन्ही वेळा मोजा. शुद्ध पीएमएनमध्ये क्षेत्राविना दोन्ही आलेख जवळजवळ एकमेकांवर बसायला हवेत. ते बसले नाहीत तर पहिला संशय तापमानाच्या मागे राहण्यावर, दुसरा चिकटथरावर आणि तिसरा सॅम्पलच्या न पुसलेल्या आठवणीवर घ्यायचा. तिन्ही निर्दोष ठरले तरच भौतिकशास्त्राकडे वळायचं.

पायरी सातवी: वाचनाचे आकडे

२ मिलिमीटर जाडीचा तुकडा, वेग ४५०० मीटर प्रतिसेकंद. जाऊन-येऊन ४ मिलिमीटर, म्हणजे ०.८९ मायक्रोसेकंद. वेग १ टक्क्याने बदलला तर हा काळ साधारण ९ नॅनोसेकंदांनी बदलतो. ऑसिलोस्कोपवर ते आरामात दिसतं, पण शिखरावर कर्सर ठेवून नाही. दोन प्रतिध्वनी एकमेकांवर बसवून किंवा संगणकावर क्रॉस-कोरिलेशन करून.

स्थितिस्थापक स्थिरांक म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. वेगातला १ टक्का स्थिरांकात २ टक्के होतो. पीएमएनची घनता घनसेंटिमीटरला ८.१ ग्रॅमच्या आसपास असते. तुमच्या सिरॅमिकची मात्र स्वतः आर्किमिडीजच्या पद्धतीने मोजा, कारण छिद्रांमुळे ती कमी असणार. तापमानाबरोबर जाडी बदलते, पण १०० केल्विनला ती फार तर ०.१ टक्का. पहिल्या आलेखात तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी काही बिघडत नाही.

पायरी आठवी: पार्श्वभूमी वजा करणं

सगळ्यात जास्त आलेख इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

बशी किती खोल आहे हे सांगायचं तर कडेची उंची माहीत हवी. कड म्हणजे ध्रुवीय क्षेत्रं नसती तर जो वेग मिळाला असता तो. तो कसा काढतात? बर्न्स तापमानाच्या वर मोजायचं, तिथल्या बिंदूंमधून सरळ रेषा किंवा वार्ष्णी यांनी १९७० साली दिलेलं सूत्र बसवायचं, आणि ते खाली वाढवायचं. वार्ष्णींचं सूत्र कमी तापमानाला आपोआप सपाट होतं, म्हणून २०० केल्विनच्या खाली जाणार असाल तर तेच वापरा.

आता अडचण बघा. पीएमएनचं बर्न्स तापमान ६२० केल्विन, म्हणजे जवळपास ३५० अंश सेल्सियस. त्याच्या वर निदान ५०-६० केल्विन मोजलं तर रेषेला अर्थ. इपॉक्सी तोवर जळून गेलेलं असतं. म्हणून पुष्कळ जण १२०-१३० अंशांना, म्हणजे ४०० केल्विनला थांबतात आणि शेवटचे चार बिंदू सरळ दिसतात म्हणून त्यांतून रेषा ओढतात. पण ४०० केल्विनला उतार केव्हाच सुरू झालेला असतो. त्या रेषेपासून मोजलेली खोली खऱ्या खोलीपेक्षा कमी येते, आणि उतार सुरू होण्याचं तापमान तर पूर्णच चुकतं. आलेख मात्र दिसायला नीटनेटका असतो, म्हणून कुणी बोट ठेवत नाही.

६२० केल्विनच्या वर जाता येत नसेल तर पार्श्वभूमी वजा करूच नका. नुसता वेग विरुद्ध तापमान काढा, आणि मजकुरात लिहा की मापनाचा पट्टा बर्न्स तापमानाच्या खाली आहे. रेझोनंट अल्ट्रासाउंडमध्ये ट्रान्सड्यूसर भट्टीबाहेर ठेवून लांब सिरॅमिक दांड्यांनी सॅम्पल धरतात, त्यामुळे तिथे ही मर्यादा बरीच सैल होते.

पायरी नववी: वारंवारता बदलून बघा

एकस्फटिक असेल तर ५ मेगाहर्ट्झच्या ट्रान्सड्यूसरवर १५ आणि २५ मेगाहर्ट्झचे विषम हार्मोनिकही चालवता येतात. क्षीणनाचं शिखर वारंवारतेबरोबर वर सरकलं तर तुम्ही रिलॅक्सेशन पाहताय. ते जागचं हललं नाही, तर एक तर रचना बदलतेय किंवा चिकटथर बोलतोय.

इथे एक मोह होतो तो व्होगेल-फल्चर समीकरण बसवण्याचा. थंड होताना प्रतिसाद कसा मंदावतो ते सांगणारं हे समीकरण. रिलॅक्सरमध्ये साधं अऱ्हेनियस समीकरण बसवलं की मूळ वारंवारता अशक्य मोठी निघते, म्हणून व्होगेल-फल्चर वापरतात. १९९० साली व्हीलँड आणि सहकाऱ्यांनी पीएमएन-पीटीच्या डायइलेक्ट्रिक मापनावर ते बसवल्यापासून तो शिरस्ताच झाला. पण त्यात तीन अज्ञात आहेत. ५ ते २५ मेगाहर्ट्झ म्हणजे वारंवारता फक्त पाच पट. तीन बिंदूंमधून तीन अज्ञातांची रेघ सुरेखच जाणार, तिला काही किंमत नाही. डायइलेक्ट्रिक मापनाचे १०० हर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ जोडा, जमलं तर ब्रिल्वँचे गिगाहर्ट्झ जोडा, मग बसवा. डायइलेक्ट्रिक शिखर आणि ध्वनीचं शिखर एकाच यंत्रणेचं आहे हे गृहीत धरलंय, एवढं मात्र स्पष्ट लिहा.

पायरी दहावी: पोल केलेलं सॅम्पल असेल तर

पीएमएनमध्ये सुमारे ३३ टक्के लेड टायटनेट मिसळलेले स्फटिक १९९७ नंतर एकदम प्रकाशात आले, पार्क आणि श्राउट यांच्या मापनांमुळे. वैद्यकीय सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये आज असे स्फटिक वापरले जातात. त्यांचं वागणं शुद्ध पीएमएनपेक्षा बरंच वेगळं आहे. ७० ते ९५ अंश सेल्सियसच्या दरम्यान, नेमक्या मिश्रणानुसार, रॉम्बोहेड्रल रचनेकडून टेट्रागोनल रचनेकडे बदल होतो. १५० अंशांच्या आसपास क्यूबिक. म्हणजे इथे बशीत दोन खड्डे.

पोल केलेल्या, म्हणजे विद्युतक्षेत्र लावून ध्रुवीकरण एका दिशेला वळवलेल्या, स्फटिकात पिझोइलेक्ट्रिक (दाबामुळे निर्माण होणाऱ्या विद्युतक्षेत्राच्या) ताठरपणाची भर पडते. ३३ टक्क्यांच्या मिश्रणात पोलिंगच्या दिशेचा स्थिरांक विद्युत विस्थापन कायम ठेवून सुमारे १७३ गिगापास्कल, तर विद्युतक्षेत्र कायम ठेवून सुमारे १०३ गिगापास्कल. वेगाच्या भाषेत ४६०० विरुद्ध ३६०० मीटर प्रतिसेकंद. पोलिंगच्या दिशेने जाणारा अनुदैर्घ्य पल्स नेहमी पहिला, ताठर स्थिरांकच दाखवतो. तापवताना पोलिंग उतरलं की ही भर नाहीशी होते आणि वेग कोसळतो. जालक मऊ झाल्यामुळे तो पडलेला नसतो. दोन्ही वेगळे करायचे तर एक पोल केलेला आणि एक न केलेला तुकडा शेजारी-शेजारी मोजावा लागतो, दुसरा इलाज नाही. रेझोनन्सने मोजत असाल तर इलेक्ट्रोड उघडे होते की जोडलेले, हेही लिहा.

प्रोब बनवणाऱ्यांच्या दृष्टीने यातला ७० ते ९५ अंशांचा पट्टाच कळीचा. रुग्णाच्या त्वचेला टेकणारा भाग ४३ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो, त्यामुळे वापरात धोका कमी. पण सोल्डरिंगचं टोक त्याच्या कितीतरी वर असतं, आणि ऑटोक्लेव्ह १२१ किंवा १३४ अंशांना चालतो. एकदा त्यातून गेलेला प्रोब पुन्हा पोल केल्याशिवाय पूर्वीसारखा वागेल याची खात्री नाही. इंडियम मिसळलेल्या मिश्रणांमध्ये हा पहिला बदल १०० अंशांच्या वर ढकलला जातो, त्यामागे हेच कारण. समुद्रात सोडायच्या सोनारला तापमान त्रास देत नाही, तिथे दाबाची चिंता जास्त.

मापन संपल्यावर चार आलेख एकाखाली एक, तापमानाचा एकच अक्ष ठेवून काढा: वेग, क्षीणन, डायइलेक्ट्रिक स्थिरांक आणि फ्यूज्ड सिलिकाचा वेग. वेगाच्या आलेखावर ६२०, ५००, २६५ आणि २२० केल्विनला फिकट उभ्या रेघा मारा, आणि कोणती रेघ तुमच्या मापनाच्या पट्ट्याबाहेर पडते तेही दाखवा. पसरलेल्या शिखरांमुळे जिथे वाचन मिळालंच नाही तिथे बिंदू जोडून गुळगुळीत वक्र काढू नका. जागा मोकळी सोडा. गाइडला पाठवायचं ते हे पान, आणि सोबत फेरीचा इतिहास लिहिलेलं वहीचं पान.